डोक्यातली गोळी आणि ३,००० पानं

लेव्ह झासेत्स्की या रशियन माणसाने सुमारे २५ वर्षं स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिलं. पानं भरली जवळजवळ ३,०००. नवल पानांच्या संख्येचं नाही. नवल हे की आपण काय लिहिलं ते त्याला धड वाचता येत नसे. एकेक अक्षर लावत तो शब्दाच्या शेवटाला पोचायचा, तोवर शब्दाची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असायची. हात मात्र लिहीत राहिला.

ज्याला लिहिता येतं त्याला वाचता येतंच, असं आपण धरून चालतो. शाळेत दोन्ही एकदमच शिकवतात, म्हणून तसं वाटतं. डोक्यात गोळी लागलेल्या या एका सैनिकामुळे मेंदूत या दोन गोष्टी किती वेगळ्या वाटांनी चालतात ते दिसलं. जबर इजा झालेला माणूस ‘बरा होतो’ म्हणजे नेमकं काय होतं, हेही त्याच्या पुढच्या आयुष्याने दाखवलं.

विद्यार्थी आघाडीवर जातो

झासेत्स्कीचा जन्म १९२० चा, मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या तुला प्रांतातला. वडील तो लहान असतानाच वारले. आई निरक्षर, तिने एकटीने मुलं वाढवली. मुलगा अभ्यासात हुशार निघाला, तंत्रशिक्षण संस्थेत गेला. तिसरं वर्ष पार पडलं होतं आणि इंजिनिअर होणं टप्प्यात आलं होतं. तेवढ्यात २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला.

सोव्हिएत पुरुषाला लष्करी सेवा कायद्यानेच सक्तीची होती. १९३९ मध्ये त्या कायद्याची नव्याने मांडणी झाली होती. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी १९०५ ते १९१८ या वर्षांत जन्मलेल्यांना बोलावणी निघाली आणि पुढे एकेका वयोगटाची पाळी येत गेली. युद्ध संपेपर्यंत सुमारे ३ कोटी ४० लाख माणसांनी गणवेश चढवला. अधिकृत हिशेबाप्रमाणे त्यांतले सुमारे ८७ लाख गेले. जखमींबाबत सोव्हिएत वैद्यकीय खातं अभिमानाने एक आकडा सांगायचं : शंभरातले ७२ जण बरे होऊन पुन्हा सैन्यात दाखल झाले. उरलेल्यांपैकी जे जगले, त्यांचं पुढचं आयुष्य या आकड्यात येत नाही. झासेत्स्की त्या उरलेल्यांतला.

२ मार्च १९४३. ठिकाण स्मोलेन्स्क भागातल्या वोर्या नदीचा काठ. पलीकडच्या उंच काठावर जर्मन ठाण मांडून होते. तेवीस वर्षांच्या आतल्या या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली आगीचे फवारे मारणारी पलटण होती. हुकूम सुटला, माणसं गोठलेल्या नदीवरून पळत निघाली. समोरून गोळीबार सुरू झाला आणि झासेत्स्कीची आठवण तिथेच तुटली. दहा दिवसांनी व्याझ्मा शहर सोव्हिएत फौजांच्या हाती आलं. तो तेव्हा इस्पितळात होता आणि आपण कोण हेही त्याला सांगता येत नव्हतं.

गोळी कवटी फोडून मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, मागच्या आणि वरच्या बाजूला शिरली होती. आघाडीजवळच्या इस्पितळात उपचार वेळेवर झाले, तरी जखमेत दाह झाला. मेंदूची आवरणं खालच्या पेशींना चिकटली, व्रणाच्या ताणाने मेंदूतल्या पोकळ्यांचा आकारही बदलला. वरची जखम भरली. आत जे घडायचं ते घडून गेलं होतं.

अर्धा चमचा, हरवलेला हात

शुद्धीवर आलेल्या झासेत्स्कीला दिसत होतं, ऐकू येत होतं, हातपाय हलत होते. पण कशाचाच कशाशी मेळ बसत नव्हता.

दोन्ही डोळ्यांनी समोर पाहिलं तरी उजवीकडचं जग गायब. चमच्याकडे पाहिलं की त्याचा एक तुकडा दिसायचा, उरलेला कुठे गेला ते कळायचं नाही. कधी स्वतःच्या शरीराची उजवी बाजूच नाहीशी झाल्यासारखी वाटे. कधी डोकं अवाढव्य आणि धड इवलंसं वाटे. ‘उजवा हात वर कर’ म्हटलं की उजवा कुठला हे शोधण्यात वेळ जायचा. इस्पितळात शौचाला गेलेल्या या माणसाला परत आपल्या खाटेकडे यायची दिशा सापडत नसे. हातकामाच्या वर्गात सुई-दोरा दिला तर ही वस्तू ओळखीची आहे एवढं समजे, तिचं करायचं काय ते नाही. इंजिनिअर व्हायला निघालेला हा मुलगा पुन्हा निरक्षर झाला होता.

सर्वांत विलक्षण अडचण भाषेत होती. ‘भाऊ’ म्हणजे काय ते त्याला कळे, ‘वडील’ म्हणजे काय तेही कळे. पण ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतला फरक विचारला की तो गोंधळून जाई. दोन्हींत शब्द तेच, मग माणसं वेगळी कशी? माशी लहान असते आणि हत्ती मोठा असतो, हे तो जाणत होता. ‘हत्ती माशीपेक्षा मोठा’ आणि ‘माशी हत्तीपेक्षा मोठी’ यांतलं खरं कोणतं, यावर मात्र तो तासन् तास डोकं खाजवी. त्रिकोण वर्तुळाच्या वर की वर्तुळ त्रिकोणाच्या वर, हीच गत.

शब्दांचे अर्थ शाबूत, शब्दांमधली नाती तुटलेली. असं का व्हावं?

मेंदूचे तीन कारभारी

१९४३ च्या मे महिन्याच्या अखेरीस झासेत्स्कीची गाठ अलेक्झांडर लुरिया यांच्याशी पडली. १९०२ मध्ये कझानला जन्मलेले लुरिया मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी वैद्यकाचं शिक्षणही घेतलं होतं. युद्धात त्यांच्यावर मेंदूला इजा झालेल्या सैनिकांची जबाबदारी आली. आघाडीपासून दूर, दक्षिण उरल पर्वतातल्या किसेगाच इथे त्यांनी ४०० खाटांचं पुनर्वसन इस्पितळ उभं केलं.

लढाईत डोक्याला लागलेल्या जखमांतून मेंदूचा अभ्यास होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात तात्सुजी इनोये हा तरुण जपानी नेत्रतज्ज्ञ जखमी सैनिकांची दृष्टी तपासत होता. नव्या रशियन रायफलीची गोळी बारीक आणि वेगवान असे. कवटीच्या एका बाजूने शिरून ती दुसऱ्या बाजूने सरळ निघून जाई आणि सैनिक कित्येकदा जगे. गोळी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची अशी दोन भोकं जोडून, मधल्या वाटेत काय नासलं आणि नजरेचा कुठला तुकडा गेला याचा ताळा इनोयेने मांडला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी हेच काम पुढे नेलं. तेव्हाचं ब्रिटिश शिरस्त्राण डोक्याचा माथा झाकायचं, मागची खालची बाजू उघडी राहायची. दृष्टीचं केंद्र नेमकं तिथेच. जर्मनीत फ्रांकफुर्टला कुर्ट गोल्डश्टाईन यांनी अशा सैनिकांसाठी स्वतंत्र संस्थाच चालवली. मेंदूच्या कामाचा नकाशा असा बराचसा रणांगणावरच्या माणसांच्या डोक्यांवरून तयार झालेला आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना तिथे जायचं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं.

हा नकाशा हातात असताना लुरियांनी वेगळा प्रश्न विचारला. मेंदूत ‘वाचनाची जागा’ किंवा ‘गणिताची जागा’ अशी एकेक कोठडी असते, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या मते कुठल्याही मोठ्या कामात मेंदूचे अनेक भाग एकत्र राबतात आणि प्रत्येक भागाचा वाटा वेगळा असतो. त्यांनी मेंदूचे तीन मोठे विभाग मानले. एक, खोलवरचा, माणसाला जागं आणि सावध ठेवणारा. दुसरा, मागच्या बाजूचा, बाहेरून येणारी माहिती घेणारा, जुळवणारा आणि साठवणारा. तिसरा, कपाळामागचा, बेत आखणारा आणि तो पार पडतोय का यावर लक्ष ठेवणारा.

झासेत्स्कीची गोळी दुसऱ्या विभागात घुसली होती, आणि तीही अशा ठिकाणी जिथे पाहणं, ऐकणं आणि स्पर्श यांचे प्रदेश एकमेकांना येऊन भिडतात. अनेक गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरून त्यांची परस्पर जागा ठरवण्याचं काम इथे चालतं. खोलीतलं दार खाटेच्या कुठल्या बाजूला, घड्याळाचा लहान काटा मोठ्या काट्यापासून कुठे, ही सगळी जागांची नाती. लुरियांना उमगलं ते असं की व्याकरणही बरंचसं याच यंत्रणेवर चालतं. ‘वडिलांचा भाऊ’ समजायचा तर दोन माणसं एकदम मनासमोर उभी करून कोण कोणाचा हे ठरवावं लागतं. झासेत्स्कीच्या मनात ती दोघं एकापाठोपाठ एक येत; एकत्र उभी राहत नसत. म्हणूनच खोलीत हरवणारा हा माणूस वाक्यातही हरवत होता. दोन्हींमागे दोष एकच.

कपाळामागचा तिसरा विभाग मात्र धडधाकट होता. तिथे इजा झालेल्या माणसाला पुष्कळदा आपल्याला काही झालंय याचंच भान नसतं, आणि सुधारण्याची ओढही राहत नाही. झासेत्स्कीचं उलट होतं. आपलं काय काय गेलंय हे त्याला लख्ख कळत होतं, ते सोसवत नव्हतं, आणि म्हणून तो झगडत राहिला.

‘रक्त’ हा शब्द

इस्पितळात त्याची अक्षरओळख पुन्हा सुरू झाली. बाराखडी घोकणाऱ्या मुलासारखा तो रशियन वर्णमाला ओळीने म्हणत हव्या त्या अक्षरापर्यंत पोचे, अक्षरांना ओळखीच्या शब्दांशी बांधून ठेवी. महिन्यांनी तो वाचायला लागला, पण एकेका अक्षराने. उजवीकडची नजर गेल्यामुळे पुढची अक्षरं दिसत नसत. ती दिसावीत म्हणून नजर सरकवली की मागची निसटत.

लिहिणं तर त्याहून अवघड होतं. पेन्सिल कशी धरायची इथून सुरुवात. अक्षराचं रूप डोळ्यांसमोर आणायचं, मग ते रेघारेघांनी कागदावर उतरवायचं, आणि नेमकं हे ‘रूप डोळ्यांसमोर आणणं’च त्याला जमत नव्हतं.

एके दिवशी एका डॉक्टरांनी त्याला अक्षरांचा विचारच करू नकोस म्हणून सांगितलं. हात कागदावरून उचलू नकोस, शब्द एकदम लिहून टाक. त्याने एक शब्द मनाशी दोन-चारदा म्हटला आणि झरकन लिहिला. शब्द होता ‘रक्त’. आपण काय लिहिलंय ते त्याला वाचता आलं नाही. पण कागदावर शब्द बरोबर उमटला होता.

यात जादू नव्हती. आपण सही करतो तेव्हा कुठलं वळण आधी आणि कुठलं नंतर, असा विचार करत नाही. हात सुरू होतो आणि सही पुरी करूनच थांबतो. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्याच्या हातात नेहमीचे शब्द असेच मुरलेले असतात. अशा सलग हालचालीला लुरिया ‘हालचालीची लय’ म्हणत. ती लय सांभाळणारा भाग मेंदूच्या पुढच्या बाजूला असतो. गोळी तिथे पोचली नव्हती. अक्षराचं चित्र डोळ्यांपुढे आणण्याची वाट बंद होती. कान आणि हात यांच्यातली वाट उघडी होती. लेखनाचा जुना रस्ता दरडीखाली गेला होता आणि डॉक्टरांनी शेजारची पायवाट दाखवली होती.

मोडलेला भाग पूर्वीसारखा होत नाही. पण तेच काम शाबूत भागांकडून, निराळ्या क्रमाने करवून घेता येतं. लुरियांच्या पुनर्वसनाचं सगळं सूत्र यात आहे. त्याच काळात उरलमधल्याच दुसऱ्या एका इस्पितळात अलेक्सेई लिओन्तिएव्ह आणि अलेक्झांडर झापोरोझेत्स हे त्यांचे सहकारी हात जायबंदी झालेल्या सैनिकांवर काम करत होते. ‘हात जमेल तेवढा वर कर’ म्हटल्यावर सैनिकाचा हात जिथे थांबे, त्याच्या वर तो एखादी वस्तू घ्यायला सांगितल्यावर जाई. स्नायू तेच, सांधा तोच. काम दिलं की शरीर वेगळी यंत्रणा कामाला लावतं. म्हणून त्यांच्याकडे व्यायामाबरोबर सुतारकाम, शिवणकाम, अवजारं हे उपचाराचाच भाग होते.

घरी आल्यावर

पायवाट सापडली म्हणजे मुक्काम आला असं नाही. झासेत्स्की आई आणि बहिणींकडे गावी परतला, तेव्हा गावातल्या ओळखीच्या रस्त्यांवर तो चुकू लागला. लाकूड फोडायला गेला तर कुऱ्हाडीचा नेम लागेना. रेडिओवरचं वाक्य समजून घेईपर्यंत पुढची चार वाक्यं निघून जात. भूमिती पुन्हा शिकायला बसला. पूर्वी डोळे झाकून सोडवलेली प्रमेयं आता उघड्या डोळ्यांनीही कळेनात. आठवणी परत आल्या त्याही उलट्या टोकाने : आधी बालपणाच्या, मग शाळेच्या, आणि अलीकडच्या सगळ्यांत शेवटी व अर्ध्यामुर्ध्या. कॉलेजात कमावलेलं ज्ञान आलंच नाही.

मग तो लिहायला बसला, आणि रोज बसत राहिला. आधी विचार हवा, मग त्याला शब्द हवेत. शब्द लगेच सुचत नसत; सुचला की तो चिठोऱ्यावर टिपून ठेवायचा, पुढच्याची वाट पाहायची, मग जुळवून वाक्य करायचं. वाक्य वहीत उतरेपर्यंत आधीचं वाक्य काय होतं ते विसरलेलं असे. दिवसभर राबून अर्धं पान, फार झालं तर एक पान. या लिखाणाला त्याने आधी भयंकर मेंदूच्या जखमेची हकिगत अशा अर्थाचं नाव दिलं होतं, पुढे ‘मी झुंजत राहीन’ अशा अर्थाचं.

कशासाठी लिहायचं हे सगळं? लिहिल्याने तो बरा होत नव्हता. तसं त्याला वाटतही नव्हतं. पण न लिहिता त्याला नीट विचारच करता येत नव्हता. विचार कागदावर ठेवला तरच तो हातून निसटत नसे. शिवाय आपली हकिगत डॉक्टरांना आणि आपल्यासारख्या इतरांना उपयोगी पडेल, ही आशा होती.

ती आशा फळली. लुरियांनी पाव शतकाहून अधिक काळ त्याच्याशी संबंध ठेवला आणि १९७१ मध्ये रशियन भाषेत पुस्तक प्रसिद्ध केलं; पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत आलं. पुस्तकाची रचनाही वेगळी आहे. त्यात झासेत्स्कीचे उतारे येतात आणि मधेमधे लुरिया मेंदूचं काम समजावून सांगतात. रुग्णाला तक्त्यातली एक ओळ न मानता त्याचं सबंध आयुष्य मांडणारा हा प्रकार त्यांनी १९६८ मध्येच, काहीही न विसरणाऱ्या एका माणसावरच्या पुस्तकात हाताळला होता. ऑलिव्हर सॅक्स यांनी पुढे याच वाटेने लिहिलं आणि लुरियांचं ऋण ते सांगत राहिले.

एक गोष्ट लुरियांनी लपवली नाही : झासेत्स्की बरा झाला नाही. अर्धी नजर आली नाही, वाचन सुटं झालं नाही, शिक्षण पुरं झालं नाही. २५ वर्षांच्या कष्टांनंतरही मुळातली इजा होती तिथेच होती. हे वाचून काहींना निराश वाटेल. पण ‘पूर्वीसारखं होणं’ हीच बरं होण्याची व्याख्या केली, तर मेंदूला मार बसलेल्या बहुतेकांच्या नशिबी नापास होणंच येतं.

आज युद्धातल्या जखमींइतकेच, किंबहुना त्यांच्याहून कितीतरी अधिक, पक्षाघाताने आणि रस्त्यावरच्या अपघाताने अशा अवस्थेत आलेले लोक आपल्या घरांत आहेत. बोलता बोलता शब्द न सापडणारे आजोबा, हिशेब लागेनासा झालेला दुकानदार, शर्टाची बाही कुठली ते न कळणारी बाई. भेटायला येणारे विचारतात, ‘आता कितपत सुधारणा?’ घरचेही टक्क्यांत उत्तर देतात. या प्रश्नातून उपचाराला दिशा मिळत नाही. लुरियांच्या पद्धतीत पहिला प्रश्न असा असतो : या कामातल्या कुठल्या पायरीवर माणूस अडतो, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या पायऱ्या शाबूत आहेत का? बोलून सांगता न येणारी व्यक्ती गाऊन सांगू शकते का? पाहून न ओळखलेली वस्तू हातात घेतल्यावर ओळखते का? नाव सांगता येत नसेल, तर लिहून दाखवता येतं का? एकेक करून हे तपासायला वेळ लागतो आणि सोबत चिकाटीने बसणारं कोणीतरी लागतं. सोव्हिएत इस्पितळाला त्या एका शब्दापर्यंत पोचायला महिने लागले. पुढची ३,००० पानं झासेत्स्कीने आईच्या घरी बसून स्वतः भरली. औषधपाणी तेव्हाच संपलं होतं; तरीही ही वर्षं त्याच्या उपचाराचीच मानायला हवीत.